एक्केचाळीस नंबरचा पाय

नाही म्हणजे नाही, तन्मय. तू चहा पी, खुर्ची एसीसमोर ओढून घे, पण मी काय येत नाही. कार्ड झकास छापलंय तुमच्या कंपनीने, सोनेरी अक्षरं आणि काय काय — आता अल बर्शात फुटबॉलची अकॅडमी उघडतेय तर उघडू दे, फीत कापायला स्पेनहून पाहुणा आणलाय तर आणू दे, त्यात या मुनीरचं, माझं काय काम? त्या पाहुण्याने सांगितलं म्हणून तू इंटरनॅशनल सिटीत बिल्डिंग-बिल्डिंग विचारत आलास, मेहनत दिसते तुझी. पण त्याच्या शेजारी स्टेजवर बसून फोटो? हॅट! आणि ही मस्करी बघ — अख्ख्या दुबईत मला दुकान मिळालं ते स्पेन क्लस्टरमध्ये. इंग्लंड क्लस्टर होतं, चायना होतं, पर्शिया होतं — नाही, मिळालं ते स्पेन! इथे कुणी स्पेनचा माणूस पाहिलाय का तू? मी पाहिला नाही. एक होता आयुष्यात, तेवढा पुरे झाला.

काय सांगितलं त्याने तुम्हाला? आन्सेल्मो रिबास, स्पॅनिश विंगर, कपची सेमीफायनल खेळलेला — हेच ना? त्या सेमीफायनलमध्ये शेवटची वीस मिनिटं खेळला तो. वीस! मला स्वतः सांगितलंय त्याने, बोटं मोजून. मोठ्या क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये चार वर्षं घासली, मग छोटा क्लब, मग त्याहून छोटा, मधे एक वर्ष इंग्लंडला पावसात बाकावर बसून आला, आणि एकोणतिसाव्या वर्षी साहेबांना वाळवंट आठवलं. आणि विंगर म्हणजे काय रे? बाकीचे दहा जण मधे लाथा खातायत, आणि हा कडेच्या रेषेला चिकटून उभा, नवरदेव घोड्याची वाट बघतो तसा. बॉल आला की धावायचं, नाही आला की हात पसरायचे — 'मला का नाही दिला?' मी तेवीस वर्षं अल सिद्रा क्लबचा किटमन होतो. जर्सी, मोजे, बूट, सगळं माझ्या हातातून गेलं. गोलकीपर पाहिले, बॅक पाहिले, पण विंगरइतकी नाटकी जात नाही.

सही केली त्याने २००८च्या जूनमध्ये. तेव्हा काय थाट! क्लबचे मालक टॉवर बांधायचे, जिकडेतिकडे त्यांच्या क्रेन. आणि हा कुटुंबाला घेऊन उतरला तोवर ऑक्टोबर, मंदी आलेली — क्रेन उभ्या आहेत, हलत नाहीत. लोक रातोरात घरं सोडून पळतायत, ऑफिसात रोज कुणाचा तरी व्हिसा कॅन्सल, आणि हा विचारतोय, 'मुनीर, समुद्र कुठल्या बाजूला?' खलिफा सिटीत व्हिला दिला होता क्लबने. म्हणजे अबू धाबीत! प्रॅक्टिस इथे, घर तिथे, कारण तो व्हिला मालकांचा रिकामा पडलेला. रोज सव्वा तास येणं, सव्वा तास जाणं. दुसरा कुणी भांडला असता. हा खुळा म्हणायचा, 'गाडीत गाणी ऐकतो, छान वाटतं.' अशा माणसाला काय म्हणायचं तूच सांग.

ओळख? ओळख कसली, पाय जुळला. त्याचा नंबर एक्केचाळीस आणि माझापण एक्केचाळीस. नवा बूट आला की कडक असतो ना — चावतो, टाच सोलते. मग किटमनचा पाय त्याच नंबरचा असेल तर आधी तो घालतो. ओले मोजे चढवायचे, वर नवा बूट, आणि दोन दिवस लाँड्रीत तसंच फिरायचं, मशीनला कपडे लावत, घड्या घालत, की चामडं पायाचा आकार घेतं. सातशे दिरहमचा बूट — तेव्हाचे आपले साडेआठ-नऊ हजार — आणि पहिल्यांदा घालणारा कोण? तर रत्नागिरीच्या राजिवड्याचा मुनीर. बदरुन्निसा, माझी बायको, हसायची. म्हणायची, 'तुमच्या पायांनी गोल होतायत, तुमचं नाव कुठे आहे पेपरात?' हा मात्र गोल झाला की धावत साइडला यायचा आणि माझ्या पायाकडे बोट करायचा. सगळ्यांसमोर! मला लाज वाटायची. नाटकी माणूस, सांगितलं ना.

बोलायचो कसं? ना त्याला हिंदी, ना मला स्पॅनिश, इंग्लिश दोघांचं सारखंच फाटकं. पण मॅचच्या आधी बोलायची गरजच नव्हती. बुटाखाली स्टड असतात, खिळ्यासारखे. ग्राउंडला भरपूर पाणी मारलेलं असेल, माती मऊ असेल, तर लांब लोखंडी स्टड — पाय घसरत नाही. ग्राउंड सुकं, कडक असेल तर आखूड. कडक जमिनीवर लांब स्टड घातले की पाय अडकतो, अंग फिरतं आणि गुडघा फिरत नाही. हे पोरासोरालाही ठाऊक आहे. आता तो काय करायचा — दाराशी येऊन अंगठा आणि बोट असं धरायचा, उघडायचा, मिटायचा. लांब की आखूड? मी दुपारीच ग्राउंडवर टाच मारून आलेलो असायचो. मी बोटांनी दाखवायचो, तो बूट घालून निघून जायचा. स्वतः कधी बघितलं नाही रे! बाकीचे सगळे खाली वाकून बघायचे, नखाने टोकरायचे, शंका काढायचे. हा नाही. एवढा कसा माणूस बेपर्वा असतो?

ईदला घरी आला होता एकदा, आम्ही करामा भागात राहायचो तेव्हा. बायको-पोरगी घेऊन, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. जमिनीवर मांडी घालता येईना त्याला, एक पाय असा लांब सोडून बसला आणि पाच सांदणं खाल्ली. पाच! हात कुठे पुसावे ते कळेना, शेवटी स्वतःच्या पँटला पुसले. माझी अफशा तेव्हा नववीत, तिच्याशी बसून गणितं सोडवली तासभर, आणि सगळी चुकली. ती अजून म्हणते, 'अब्बा, ही वॉज सो स्वीट.' कालपण फोनवर तेच — 'जस्ट गो अँड मीट हिम, अब्बा, व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?' शारजात दातांची डॉक्टर आहे आता. तिला काय सांगू माझा प्रॉब्लेम काय आहे?

प्रॉब्लेम काही नाही. मला असली माणसं आवडत नाहीत, बस.

नाही, तू विचारतोयस म्हणून सांगतो. त्याच्या करारात एक कलम होतं — एका सीझनमध्ये वीस मॅच पूर्ण खेळला की पुढची दोन वर्षं आपोआप पक्की. २०१०चा मार्च. अठरा झाल्या होत्या आणि मॅच उरल्या होत्या तीन. मालकांना तो नको होता, टॉवरच उभे राहत नव्हते तर विंगर कसला पोसताय! पण कोच ऐकेना — याला बसवला तर आपण खालच्या लीगमध्ये जाऊ, म्हणाला. मग एक दिवस लियाकतसाहेबांनी मला बोलावलं, आमचे मॅनेजर. दार लावलं. एक यादी दाखवली, आठ नावं — दोन माळी, लाँड्रीवाला, ड्रायव्हर, आणि सगळ्यात वर मी. म्हणाले, 'मुनीर, तो स्पॅनिश राहिला तर ही आठ माणसं जातील. गेला तर राहतील. मैं तुमसे कुछ करने को नहीं कह रहा, सिर्फ बता रहा हूँ.' खरंच काही करायला सांगितलं नाही त्यांनी, कसम. नुसतं सांगितलं. अफशाची दहावी पुढच्या वर्षी. व्हिसा गेला की महिन्याभरात सामान बांधा, पोरीला शाळेतून काढा, रत्नागिरीला जाऊन काय करायचं मी? कुणाचे बूट पुसायचे?

माळी तर आधीच अर्धे काढले होते. पाण्याचा टँकर तीन दिवस आला नव्हता. त्या दिवशी चार वाजता मी ग्राउंडवर गेलो, टाच मारली — सिमेंट. बाकी सगळ्यांच्या बुटांना आखूड स्टड लावले, एकेक, चावीने घट्ट; त्याचे बूट शेवटी घेतले. हा दाराशी आला. अंगठा आणि बोट उघडलं, मिटलं.

मी लांब दाखवलं.

असा बघू नकोस माझ्याकडे. मला काय त्याचा पाय मोडायचा होता? वाटलं स्नायू धरेल, लंगडेल, दोन आठवडे बसेल घरी गाणी ऐकत. दोन मॅच चुकल्या की खलास, कलम संपलं, तो दुसरीकडे कुठेतरी गेला असता, कतारला, सौदीला, या लोकांना काय कमी असतं? तीस मिनिटं झाली असतील. रेषेवरून बॉल घेऊन आत वळला — सुंदर वळायचा, ते मात्र मान्य करावं लागेल, म्हणजे बघत राहावं असं — आणि पडला. आसपास कुणी नव्हतं. कुणी हात लावला नाही त्याला. पण आवाज मला बाकापर्यंत आला, तन्मय. लोक म्हणतात एवढ्या लांब आवाज येत नाही. मला आला.

नंतर चौकशी बसली. ऑफिसातले दोघे, इन्शुरन्सचा एक, मधे दुभाषा. बूट टेबलावर ठेवलेले, उलटे. इन्शुरन्सवाल्याने विचारलं, बाकी दहा जणांना आखूड आणि यालाच लांब, हे ठरवलं कुणी? मी दाराजवळ उभा. तयारी करून गेलो होतो मी — म्हणणार होतो त्यानेच मागितले. ऐनवेळी तोंडच उघडेना. आणि हा, पाय स्टुलावर, गुडघ्याला एवढी मोठी पट्टी — माझ्याकडे बघतो, त्या बुटांकडे बघतो, परत माझ्याकडे. पहिल्यांदा बघितले स्टड त्याने आयुष्यात. आणि म्हणाला, मी. दुभाष्याने सांगितलं, 'हे म्हणतात की मुनीरने आखूड सांगितले होते, यांनीच हट्टाने लांब लावून घेतले.' माझंच खोटं, मी न बोलताच, तो माझ्याहून चांगलं बोलला! मग काय, लिहिलं त्यांनी — खेळाडूची स्वतःची चूक. इन्शुरन्स गेला, करार गेला, क्लब मोकळा. दोन ऑपरेशनं केली तिकडे जाऊन, पण परत खेळला नाही. एकदापण नाही. आणि मी चार वर्षं राहिलो. मग मलापण काढलंच म्हणा, नवीन मॅनेजर आला, नवीन यादी आली.

आता तूच सांग, का केलं असं त्याने? मूर्ख नाही तर काय म्हणू? ओरडायचं ना! तिथेच कॉलर धरायची, दोन थोबाडीत द्यायच्या, म्हणायचं याने केलं, याच माणसाने — मी गेलो असतो गावाला, रडलो असतो, संपलं असतं. नाही, याला मोठेपणा करायचा होता. नऊ वर्षं झाली, दर ईदला त्याचा मेसेज येतो. मी उत्तर देत नाही, तरी येतो. आणि आता स्टेजवर बोलावतोय. काय करेल माहितीये? मिठी मारेल रे तो मला. शंभर लोकांसमोर मिठी मारेल आणि पोरांना सांगेल, हा माझा मुनीर. अफशा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवेल. त्यापेक्षा मला—

जाऊ दे. हे मी तुला कशाला सांगत बसलो? तू काही ऐकलं नाहीस. ऐक, त्याला सांग मुनीर देशाला गेला, कंबर धरलीय, काहीपण सांग. उठ आता, यल्ला, मला गिऱ्हाइकं आहेत.

सारखा बाहेर काय बघतोस? गाडीला दंड नाही लागत इथे. एकटाच आलायस म्हणालास ना? मग पलीकडे गाडीला टेकून तो कोण—

अरे.

अरे, सप्टेंबरच्या उन्हात उभा केलास त्याला? या गुडघ्यावर? किती वेळ झाला — कधीपासून उभा आहे तो? तुला काही कळतं का? गाडीत तरी बसव, पाणी दे — नाही, इकडे नको आणू. नको सांगतो ना! हात नको हलवू, तन्मय, तो बघेल. निघतोय रस्ता ओलांडायला. बघ कसा चालतो, तो पाय बाजूने टाकतो — तू जा, त्याला तिथेच थांबव. मी शटर आतून ओढून घेतो. जा म्हटलं ना! आणि विचारलं तर सांग, दुकानात कोणी नव्हतं.