चौगले यांचा खांब आणि माझ्या यंत्राची शिट्टी

दिनांक १२ मार्च २००४

मी प्रसेनजीत बाबासो कांबळे, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी, तंत्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचा निदेशक, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर. कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहण्यास असून मला हौशी रेडिओचा परवाना आहे. आमचे शेजारी गुंडू ज्ञानू चौगले हे म्हशी पाळतात. संध्याकाळी ते म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर जातात व गिऱ्हाइकासमोर धार काढून पेला भरून देतात. मी त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक आहे. त्यांची मुलगी संयोगिता हिची पोलीस शिपाई म्हणून निवड झाली असून तिची चारित्र्य पडताळणी याच ठाण्याकडे आहे.

गेल्या महिन्यात माझ्या मेहुण्याने दुबईहून एक रेडिओ आणून दिला. तो विड्यांच्या बंडलापेक्षा थोडा मोठा आहे. मीडियम वेव्हपासून विमानांच्या बोलण्यापर्यंत सगळे ऐकतो व पडद्यावर आकडा दाखवतो. आवाज बारीक आहे, सेल फार खातो, हे दोष मला लगेच कळले. मोठा दोष कळला नाही. एवढ्याशा डबीत इतके कोंबले की आतला डिजिटल भाग स्वतःच बारीक लहरी सोडतो, आणि यंत्र त्या बाहेरून आल्या असे समजून ऐकते. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. परीक्षेतही विचारतो.

एका आकड्यावर मला सतत शिट्टी ऐकू येऊ लागली. बोलणे काही नव्हते. त्यावरून कोणीतरी चोरून प्रक्षेपण करत आहे, अशी माझी खात्री झाली. चौगले यांच्या गोठ्यावर लोखंडी खांब असून त्यावरून तार गेली आहे. मी यंत्र घेऊन गोठ्याजवळ गेलो. शिट्टी जोरात होती. दुसरीकडे जाऊन ऐकण्याचे मला सुचले नाही, कारण दुसरीकडे खांब नव्हता. मी छाती फुगवून ठाण्यात आलो व तक्रार दिली. हवालदार साहेब, "नीट बघा मास्तर," असे म्हणाले होते. तांत्रिक बाबीत पडू नका, असे मी त्यांना सांगितले.

पोलिसांना गोठ्यात पेंडीची पोती, दुधाच्या किटल्या व गाडीची एक जुनी बॅटरी मिळाली. लाइट गेल्यावर दिवा लावायला बॅटरी आहे व खांब टीव्हीच्या अँटेनाचा आहे, असे चौगले यांनी सांगितले. ते खरे होते. तरी त्यांना ठाण्यात आणून दिवसभर बसवले. मी यंत्र धरून समोर बसलो होतो. शिट्टी ठाण्यातही वाजत होती. तेव्हा यांचा साथीदार ठाण्याच्या आसपास आहे, असे मी म्हणालो. साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितले.

दुसऱ्या दिवशी मी कामानिमित्त हातकणंगलेला गेलो. स्टेशनवर तीच शिट्टी, तेवढीच जोरात. साथीदार माझ्या पाळतीवर आहे असे वाटून मी अर्धा चहा टाकून पळालो. पळताना एरियल पिशवीच्या बंदात अडकून निघाली. शिट्टी तसूभर कमी झाली नाही. घरी येऊन यंत्र पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात बंद केले. बाहेरची लहर पत्र्याच्या आत शिरत नाही, तरी डब्यातूनही शिट्टी येत होती.

मी लगेच चौगले यांच्याकडे गेलो. तोवर कट्ट्यावरची त्यांची गिऱ्हाइके दुसऱ्यांच्या म्हशींकडे वळली होती. ते म्हणाले, "मला बसीवलं त्याचं काय न्हाय मास्तर. पन पोरीचा कागद अडकला की वो. घरावर तक्रार हाय म्हनत्यात, सही कशी करू म्हनत्यात."

संयोगिता दारात उभी होती. एरवी ती पाणी आणते. त्या दिवशी म्हणाली, "काका, पहाटं मी पळायला जात हुतो, तवा घड्याळ धरून तुमीच हुबं असायचा की."

मी घरी जाऊन यंत्र डब्यातून काढले व ठाण्याकडे निघालो. फार लाज वाटली.

तरी माझी तक्रार मी मागे घेत आहे. शिट्टीशी चौगले अगर त्यांच्या घरातील कोणाचाही काडीचा संबंध नाही. ती यंत्राच्या पोटातली आहे. यंत्र तपासणीसाठी सोबत हजर केले आहे. या प्रकरणात एकच गाढव असून ते मी आहे.

जबाब वाचून दाखवताना हवालदार साहेबांनी, गाढव शब्द सरकारी कागदात शोभत नाही, गैरसमजातून तक्रार दिली असे लिहू, असे सुचवले. त्यावर मी सांगितले की, गैरसमज लिहिला तर वरचे साहेब विचारतील, गैरसमज व्हावा असे त्या घरात काय होते? गाढव लिहिले तर कोणी काही विचारणार नाही. संयोगिता बाहेर बाकावर बसली आहे, तिचा कागद आजच पुढे जावा. शब्द तसाच ठेवून जबाब मला पुन्हा वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.