खिडकीपर्यंत

— तसं नाही गं, आधी पलंगाचं चाक अडकव. अडकवलंस? मग हलवून बघ. अडकवलंय म्हणणं वेगळं आणि हलवून बघणं वेगळं, पहिल्या वर्षापासून घसा कोरडा करून सांगतेय. आणि अशी अवघडून उभी राहू नकोस, मी आज तुमची मॅडम नाही, सात नंबरची पेशंट आहे — कालच पोट उघडलंय माझं, वीतभर टाके आहेत. पेशंटशी वागतात तसं वाग. फक्त नीट वाग, मी बघतेय.

आता सगळं पहिल्यापासून करू, आपल्याला कुठे गाडी पकडायचीय? आधी नाडी. घेतलीस? मग रक्तदाब. तोही घेतलास. बरं. दुखण्याचं इंजेक्शन देऊन किती वेळ झाला — पाऊण तास? म्हणजे बघ, आता त्याचा जोर ओसरायला लागला असणार, तर — हो, चार तास टिकतं, माहितीय मला, मीच शिकवलंय तुम्हाला, आता मलाच शिकवू नकोस.

घाबरतेय? मी? बावीस वर्षं ह्याच वॉर्डात लोकांना ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभं केलंय मी — रडणाऱ्यांना, शिव्या देणाऱ्यांना, एका वकिलाला तर तो कोर्टात खेचायच्या गोष्टी करत असताना. 'काही होत नाही हो, थोडं ताणल्यासारखं वाटेल' — हे वाक्य तुम्हा सगळ्यांकडून घोकून घेतलं ना मी? थोडं ताणल्यासारखं. आज सकाळी मी नुसती खोकले, आणि कळलं मला, की हे वाक्य ज्याने कुणी काढलं त्याच्या पोटाला कधी सुरी लागलेली नव्हती. हे वहीत लिहू नकोस.

तुझी परीक्षा आहे ना ही? ठाऊक आहे, तो कागद मीच केलाय — पेशंटला उठवून खिडकीपर्यंत नेणे, वीस गुण. मोठ्या मॅडम म्हणाल्या, परीक्षक पलंगावर आहे तर पलंगावरूनच गुण देईल. गेल्या खेपेला तुला नापास केलं तेही मीच. पेशंट थांबा म्हणाला आणि तू थांबलीस. काय शेरा मारला होता मी? 'पेशंटच्या म्हणण्यापुढे नमते.' पाठ आहे की तुला. आजही नापास झालीस तर सहा महिने मागे पडशील — म्हणून तर सांगतेय, पडदा ओढून घे आणि शांतपणे ऐक. लिही, 'खिडकीपर्यंत चालल्या, तक्रार नाही.' खाली सही मी करते. परीक्षक मी, पेशंट मी, मग तक्रार करणार कोण? तुझे वीस गुण झाले, माझे टाके वाचले. चालेन की उद्या. उद्या नक्की.

असं काय बघतेस? वर्गात सांगते तो काचा बसवणारा आठवला का तुला? तोच, 'ताई, उद्या नक्की' म्हणत तीन दिवस पडून राहिला, ड्यूटीवरच्या नव्या नर्सला त्याची दया आली, तिने तिन्ही दिवस 'खिडकीपर्यंत चालले' लिहून टाकलं, आणि चौथ्या दिवशी पिंढरीतली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेली — दाढी करता करता गेला माणूस. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, त्या मुलीचं पुढे काय झालं. मी म्हणते, तिने नोकरी सोडली असेल. कुठली सोडतेय — तिला बढती मिळाली. कागद चोख होते ना तिचे. त्याची बायको जाताना माझा हात धरून म्हणाली, तुम्ही त्यांना रोज चालवत होतात, तुमचे उपकार कसे — माझा म्हणजे, त्या मुलीचा. माझाच. झालं, आता कळलं तुला. लाज वाटते मला, दर वर्षी वाटते, आणि तरी दर वर्षी मी ती गोष्ट दुसरीच्या नावावर खपवते.

आणि तू इतका वेळ लिहितेयस तरी काय? मी सांगितलं ते तर एका ओळीचं होतं. दाखव इकडे. 'पेशंटने उठण्यास नकार दिला.' माझ्या नावापुढे? वेळही घातलीयस, दहा चाळीस. अगं, ह्याने तू नापास होशील, कळतंय का? कळतंय. तरी लिहिलंस.

नाही, खोडू नकोस. लिहिलेलं आपण खोडत नाही, ते तसंच राहणार. त्याच्याखाली दुसरी ओळ येईल, दहा पंचेचाळीसची. ती खरी हवी. ती उशी दे, पोटाशी धरते. माझ्या पाठीमागे हात घाल — असा. मी ओरडले तरी सोडायचं नाही. आणि आता एक शब्द बोलू नकोस. मीही नाही बोलत.