खुर्ची अजून खाली आहे, त्याबाबत

नाव : सकाळी सांगितलं होतं, साहेब चहा पिता पिता विसरले, म्हणून पुन्हा सांगते. तोलाआजी. गल्लीत याच नावानं विचारावं.
वय : सत्तरीच्या पुढं. किती पुढं ते विचारू नये.
व्यवसाय : घरकाम, आणि सुनेनं केलेल्या खुर्च्यांवर बसून खोड काढणं.
राहणार : पत्र्याच्या कारखान्यामागची गल्ली, तळमजला, सुनेच्या कामाच्या खोलीला लागून.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, मला लिहिता-वाचता येत नाही. तुम्हाला येतं, म्हणून तुम्ही विसरू शकता. मला सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. तेव्हा मी सांगते तसंच लिहा, मधे आपली भर घालू नका.

घरी मी, माझे पती आणि सून असे तिघं असतो. मुलगा बोटीवर नोकरीला आहे, त्याला अजून कळवलेलं नाही. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांसाठी सून खुर्च्या तयार करते. माणूस बसला की खुर्चीची बैठक त्याला घेऊन सावकाश खाली जाते, आणि उठताना त्याला वर उचलून देते. उचलण्याचं काम आतली स्प्रिंग करते. शिंपी जसा कपडा बेततो तशी सून स्प्रिंग बेतते, ज्याची खुर्ची त्याच्या वजनाची. मला कडेवरच्या पोराचं वजन काट्याशिवाय सांगता येतं, त्यावरून माझं नाव पडलं.

नव्या खुर्चीत कोणती स्प्रिंग घालावी हे सुनेचं ठरत नव्हतं. म्हणून तिनं एकेक लावून बघायला घेतली आणि बसायला ह्यांना बोलावलं. बसायचं काम असलं की ह्यांना दुसरी हाक मारावी लागत नाही.

पहिली लावली ती वेटोळ्याची, दाबाची. हे बसले आणि म्हणाले, "ही भांडखोर आहे गं पोरी. जितकी दाबावी तितकी उलट बोलते. अशी एक घरात आहे, आणखी कशाला?" मी म्हटलं, "त्या एकीमुळंच अजून उभे आहात." दुसरी पिळाची, बिजागरीत बसणारी. ती जागा कमी खाते, पण दर उठण्याला कण्हते. हे म्हणाले, "कण्हायला मी आहे की." तिसरा गॅसचा दांडा. तो उचलतो छान, धक्का देत नाही, पण थंडीत आखडतो आणि काही वर्षांनी त्याचा दम जातो. ह्यांनी त्याला ‘कारकून’ असं नाव ठेवलं. साहेब, हे त्यांचं बोलणं आहे, माझं नाही. तरी लिहा.

चौथी होती गुंडाळलेली पोलादी पट्टी. सुताराची टेप ओढून सोडली की आपली आपण आत जाते, तशी. सून म्हणाली, "बाबा, बाकीच्यांना जितकं ताणावं तितका त्यांचा जोर वाढतो. हिचा वाढत नाही. पहिलं बोटभर ताणताना जेवढी ओढेल तेवढीच शेवटचं बोटभर ताणताना." हे बसले. खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि ही गोष्ट आमच्या घरात नोंद करण्यासारखी आहे. मग म्हणाले, "मी बसलोय हे हिला कळतच नाही. खरं सांगू, मलाही कळत नाही."

सून हसली. म्हणाली, "हेच हवं होतं."

सुनेची पद्धत अशी की, चाचणीपुरती स्प्रिंग माणसाच्या वजनाला तोलास तोल लावायची. मग बैठक जिथं सोडावी तिथं थांबते आणि तिला नीट बघता येतं. बघून झालं की आणखी एक पट्टी चढवायची, म्हणजे स्प्रिंग माणसाला वरचढ होते आणि त्याला उठवते. त्या दिवशी ती दुसरी पट्टी घेऊन आली तर हे म्हणाले, "राहू दे. उठायची घाई कोणाला आहे?" दुसऱ्या दिवशीही तेच. सुनेनं ऐकलं. तिची चूक म्हणायची तर एवढीच, की सासऱ्याचे लाड केले. त्याला कलम असेल तर लावा.

घटनेच्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर हे कामाच्या खोलीत जाऊन त्या खुर्चीत बसले. सून खिडकीशी तिच्या टेबलावर पट्टीला भोक पाडत होती, पाठ ह्यांच्याकडं. मी लागूनच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. कामाच्या खोलीला दार एकच, ते माझ्या खोलीत उघडतं आणि ते उघडं होतं. खिडकीला गज आहेत. हे बोलत होते. काय बोलत होते विचाराल तर लग्नापासून जे बोलताहेत तेच, मी ऐकत नव्हते. मग लक्षात आलं की मी ऐकत नाही असं काही उरलेलंच नाही, बोलणं थांबलंय.

मी दारात गेले. सुनेला म्हटलं, "हे कुठं गेले?"

ती मागं न बघता म्हणाली, "कुठं जातील? हे काय, बसलेत ना." मग वळली.

खुर्चीखाली ह्यांच्या चपला होत्या, जोडीनं. खुर्चीत कोणी नव्हतं आणि बैठक खाली होती. बैठक वर जायला हवी होती. वजन नसलं की ती पट्टी बैठक वर ओढून घेते, हे मी शंभरदा बघितलेलं आहे. सुनेनं बैठकीला हात लावला, मग काढून घेतला. मी गल्लीत, मागच्या अंगणात, संडासात, सगळीकडं बघून आले. सून तिथंच उभी होती.

दोन दिवसांनी तुमचे हवालदार आले. त्यांनी बैठक हातानं उचलली. ती पिसासारखी वर आली. सोडली, तशी थोडा वेळ थांबली आणि जिन्यावरून उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी खाली गेली. हवालदार म्हणाले, काहीतरी अडकलं असेल, आणि बघायला म्हणून स्वतः बसायला गेले. अर्धे बसले, ताडकन उठले आणि "माफ करा" म्हणाले. कोणाला म्हणाले ते त्यांना विचारा. त्यांचाही जबाब घ्या.

खुर्ची ठाण्यात न्यायची ठरली तेव्हा दोघांनी उचलायला घेतली, चौघं लागले. सून खोलीत एकटीच होती म्हणून तिलाही घेऊन आलात. शेजारणीनं सांगितलं की सासरा-सुनेचं मोठ्यानं बोलणं चालायचं. चालतं. हे कानानं अधू आहेत.

मी काल दिवसभर आणि आज सकाळपासून तुमच्या मागच्या खोलीत त्या खुर्चीजवळ बसून आहे. बैठक दाबून बघितली, तीनदा. माझा हात चुकत नाही. ते ह्यांचंच वजन आहे. पण इथं आणल्यापासून बैठक सावकाश, मुंगीच्या पावलानं वर सरकते आहे. काल खाली टेकलेली होती, आज माझा तळवा मधे मावतो. त्या पट्टीचा जोर बदलत नाही, म्हणून तर सुनेनं ती निवडली. म्हणजे बदललं ते दुसऱ्या बाजूचं, ह्यांचं. हे दिसेनासे झाल्यावर खुर्ची घरी होती ते दोन दिवस मी सवयीनं ह्यांचं ताट तिथं नेऊन ठेवत होते, तेव्हा बैठक हलली नव्हती. ताटातलं शीतही हललेलं नसायचं. फक्त अन्न लगेच गारठायचं, माझ्या ताटातलं वाफाळत असताना. इथं ह्यांना ताट नाही.

कानावर आलं की उद्या माणूस बोलावून खुर्ची कापणार आहात, आत काय आहे ते बघायला. आत पट्टी आहे, ते मी सांगितलं. त्या पट्टीनं ह्यांना आणि ह्यांनी तिला धरून ठेवलेलं आहे. तराजूचं एक पारडं काढून घेतलं तर दुसऱ्याचं काय होतं हे वाण्याच्या दुकानात कोणीही सांगेल. माझं मागणं एवढंच की, कापू नका. सुनेला सोडा. ती दुसरी पट्टी घेऊन येईल, चढवेल, आणि खुर्ची ह्यांना उठवेल. मी तिला काल गजाआडून विचारलं, उठतील का? ती म्हणाली, "आई, बसलेल्या माणसाला उठवता येतं. बैठक पूर्ण वर जायच्या आत व्हायला हवं."

हे ऐकून साहेब मागच्या खोलीत जाऊन आले. येताना त्यांनी दार हळू ओढून घेतलं, आत कोणी निजलं असताना घेतात तसं. सुनेला हवालदाराबरोबर घरी जाऊन पट्टी आणू द्यायचं त्यांनी ठरवलं आहे. कापणाऱ्याला नको म्हणून कळवलं आहे.

वरचं सगळं साहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं, मी कान देऊन ऐकलं. मी बोलले तसंच आहे. एका ठिकाणी त्यांनी ‘रिकामी खुर्ची’ असं लिहिलं होतं, त्यातलं ‘रिकामी’ खोडायला लावलं. डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे.

सुनेला निरोप, हाही लिहा : येताना पट्टीबरोबर मऊ भात आणि ऊन दूध घेऊन ये. मीठ बेतानं घाल. मोठा डबा घे, माझ्या एकटीपुरतं आणू नकोस, दोघांपुरतं आण.