अकरा माणसं, एकतीस पानं

...एकतीस पानं! अहो, अकरा माणसांची कंपनी, त्यातला एक मालक, आणि रजेच्या नियमांची पानं किती? एकतीस! लिहिली कुणी? मीच. हसू नका! आणि मला स्वतःला रजा हवी होती किती? अर्धा दिवस! गुरुवारी चारपासून पुढे. तुम्हाला सांगतो, रजा म्हणजे काय असतं हो? माणूस त्या दिवशी येत नाही. संपलं! आमच्या जुन्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं हजेरी सांभाळली. चारशे माणसं होती, आणि रजेचे सगळे नियम एका पुठ्ठ्यावर. खिळ्याला टांगलेला असायचा तो, वाऱ्यानं हलायचा. कुणाचं काही अडलं नाही. पुढे कारखाना बंद पडला, पण तो काही पुठ्ठ्यामुळे नाही.

तर ही नवी कंपनी. काय बनवते? पाण्याची बाटली. साधी नाही हं, वाजणारी! दर वीस मिनिटांनी ‘टिंग’ करते, म्हणजे तुम्हाला कळावं की पाणी प्यायचंय. का हो, तहान नावाची गोष्ट काय बंद झाली? ऑफिसात अकरा टेबलांवर अकरा बाटल्या, एकीचा टिंग दुसरीशी जुळेल तर शपथ! दिवसभर टिंग टिंग टिंग, आणि निम्मी कंपनी कायम संडासाच्या दारात उभी.

मालक सव्वीस वर्षांचा. खुर्चीवर बसत नाही, एका मोठ्या मऊ पोत्यात बसतो, आणि उठायचं झालं की कुणीतरी हात द्यावा लागतो. मला म्हणतो, “काका, आपल्याला रजेचं धोरण हवंय. पण त्यात ना... विश्वास दिसला पाहिजे.” मी दहा मिनिटांत एक पान लिहून दिलं. वर्षाला अठरा रजा, आजारपणाच्या सात, आदल्या दिवशी सांगून जा. साहेबांनी वाचलं आणि कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं. “काका, हे फार कोरडं आहे हो. आपण अमर्याद रजा देऊ! कुणीही, कितीही, केव्हाही!”

अमर्याद! मग पहिल्या महिन्यात किती जणांनी घेतली, सांगा बरं? एकानंही नाही! सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले, की पहिला कोण घेतो. आमच्या चित्रवाल्या बाई, बाटलीवर पानंफुलं काढतात त्या, अंगात ताप, डोकं टेबलावर, आणि काय म्हणतात? “नको काका, आधी दुसरं कुणीतरी घेऊ दे.” दुसऱ्या महिन्यात विक्रीवाल्यानं घेतली. त्याची आजी वारली. वारली बिचारी, माणूस आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा आजी! “काका, ही आईकडची.” बरं बाबा. पुढच्या महिन्यात तिसरी! “काका, आजोबांचं दुसरं लग्न झालेलं. घरात विषय काढत नाहीत.” चौथीच्या वेळी मी त्याला दारातच धरला. म्हटलं, अरे, तुझ्या आजोबांनी केलं काय आयुष्यभर?

इथं माझं डोकं फिरलं. आणि इथंच मी माती खाल्ली. मी नियम काढला, की प्रत्येकानं आपली पाच माणसं आधीच लिहून द्यायची. लग्न असो, आजार असो, मरण असो, निरोप असो, रजा मिळेल ती या पाचांसाठीच. यादी बदलता येईल वर्षातून एकदा, फक्त एप्रिलमध्ये. साहेब पोत्यातल्या पोत्यात उडाले. “काका, काय स्पष्टता आहे!”

झालं! अहो, घराघरांत आग लागली. चित्रवाल्या बाईंनी पाचांत दोन मांजरं घेतली आणि सासूबाईंना वगळलं. इंजिनियरच्या बायकोला स्वतःचं नाव सापडलं चौथ्या नंबरवर, आई, बाबा आणि मोटारसायकलच्या खाली! तीन दिवस तो ऑफिसातच जेवत होता. मग मांजर म्हणजे कुटुंब का, यावर बैठक. वाढली दोन पानं. मोटारसायकल आजारी पडू शकते का, त्यावर बैठक. आणखी तीन पानं! मी मनात म्हणतोय, अरे, रजा म्हणजे काय? माणूस त्या दिवशी येत नाही. संपलं! पण ऐकतो कोण? आणि खरं सांगू? मलाही चढत होतं. कलम लिहिलं की मान जरा ताठ व्हायची माझी.

आता तो गुरुवार. गुरुवारी माझ्या ताईचा निरोपसमारंभ होता. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, इस्पितळात नर्स, चौतीस वर्षं नोकरी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा, ही सतराची. मला वाढवलं तिनं. माझा दहावीचा निकाल, माझा मोडलेला हात, माझं लग्न, सगळीकडे ही हजर. रजा कशी मिळवायची, कुणाच्या किती विनवण्या करायची, मला कधी कळू दिलं नाही. ती एवढंच म्हणाली होती, “धाकट्या, हारतुरे नकोत मला. तू पुढच्या रांगेत बस. रडू आलं तर बघायला आपलं माणूस असू दे.”

मी ऐटीत रजेच्या मशीनवर अर्ज भरला. नातं, बहीण. मशीन म्हणतं, ‘यादीत नाही.’ नाही म्हणजे? उघडली यादी. माझ्या नावाखाली पाच माणसं! चुलतसासरे, मावससासू, सावत्र मेहुणा, आतेबहिणीचे दीर आणि मानलेले मामा! यातलं एकसुद्धा माणूस मला नाही हो, शपथेवर सांगतो! तर झालं होतं असं, की यादी कशी भरायची ते लोकांना कळेना, म्हणून मी एक नमुना भरला होता. वर माझं नाव, खाली मुद्दाम अवघड नाती. कॉम्प्युटरवाल्या बाईंनी सगळ्यांच्या याद्यांबरोबर तो नमुनाही मशीनमध्ये घातला. आणि माझी खरी यादी? ती मी दिलीच नव्हती! नियम करणाऱ्याकडे यादी मागणार कोण?

गेलो साहेबांकडे. “काका, मी आत्ता हो म्हटलं असतं! पण काल तुम्हीच चित्रवाल्या बाईंना तिसऱ्या मांजरासाठी नाही म्हणालात. ढसाढसा रडल्या हो त्या. आज तुम्हाला कसा सोडू?” मग आवाज खाली आणून म्हणतात, “तुमचे चुलतसासरे आजारी नाहीत का?” बघा, कुठे आणून ठेवलं मला! पण त्याला रुग्णासोबतचा फोटो लागतो, कलम चौदा. कुणाचं कलम? माझंच! जन्मालाच न आलेल्या सासऱ्याशेजारी मी उभा कसा राहू? बरं, न सांगता उठून जावं, तर कलम एकोणीस! जो न सांगता गेला, तो कायमचा गेला. तेही माझंच. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा दारोदार नोकरी मागत हिंडू? नाही झाली हिंमत. बसलो. चार वाजले. टिंग झालं. पाणी प्यायलो.

सहा वाजता बघतो तर दारात ताई! एका हातात गुच्छ, काखेत भिंतीवरचं घड्याळ. “आता घड्याळ बघायची गरज उरली नाही, म्हणून घड्याळ दिलंय,” म्हणाली. “म्हटलं, मला आता रोजच मोकळीक. तू येत नाहीस, तर मीच येते.” मी आपली ती एकतीस पानं तिच्यापुढे सरकवली. तिनं चष्मा लावून चार पानं उलटली.

“एवढं काय लिहिलंयस रे? रजा म्हणजे काय? माणूस त्या दिवशी येत नाही, एवढंच ना?”

“ताई, मी तरी दुसरं काय सांगतोय सगळ्यांना!”

“मग आज तुझी रजा झालीच की.”

“कुठली झाली? मी नऊपासून इथंच आहे, हजर!”

“इथं असशील. तिथं पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. कुणाला बसू दिलं नाही मी.”

सत्तावीस वर्षं लोकांच्या रजा मांडल्या. आणि माझी स्वतःची पडली कुठे, तर नेमकी तिथं. तेवढ्यात टिंग झालं. ताईनं बाटली उचलून माझ्या हातात दिली.

“पी पाणी,” म्हणाली. “मंजूर केली.”

एका दमात मंजूर! अर्ज नाही, यादी नाही, चुलतसासरे नाहीत... आणि मी बसलोय एकतीस पानं लिहीत!