एक वीत उंबरा

न्हाई ओ ताई, पळत आलेलो न्हाई, घाम उन्हाचा हाय — आज ऊन काय पडलंय बघा तरी, सतरा दिवसांनी डोंगर दिसला, लोहगडाचा कातळ असा धुऊन पुसून ठेवल्यावानी. आमच्या मळवलीत तर सगळ्यांनी गोधड्या बाहेर काढल्यात, बुरसा आलता ना, भिंतींना, चपलांना, पार देवाच्या पाटाला — आन भात पोटरीला आलंय, त्यालाबी असंच ऊन पायजे. बरं, ते ऱ्हाऊ द्या. करवत नगं मला, करवती घरी चार हायेत. मला ते थरथरतं मशीन पायजे. मल्टिटूल म्हणता ना तुमी? तेच. बॅटरीवालं. व्हय, माझ्यासाठीच. सुतार हाय मी, हौशीराम. तुमचे सासरे वळखायचे, मी पायरी चढलो का खिळ्यांचा पुडा आपसूक काढून ठेवायचे. लिवता-वाचता येत न्हाई मला, तवा खोक्यावरचं तुमीच वाचून सांगा, सावकाश. मला घाई न्हाई. म्हंजे हाय — पर सावकाशच सांगा.

कापायचं काय? उंबरा. न्हाई न्हाई, कुणा बंगल्याचा न्हाई, माझ्या सोताच्या घराचा, पुढल्या दाराचा. कस्तुरा, माझी मंडळी — शिमग्याच्या आधी अंगावरनं वारं गेलं तिच्या, डावी बाजू गेली, हात, पाय, वाईच तोंडबी. बोलती, सगळं कळतं तिला, पर चालणं संपलं. लेकीनं चाकाची खुर्ची पाठवली चिंचवडवरनं, चांगली हाय, घरातल्या घरात फिरती, पर दाराशी आली का उंबरा. एक वीत उंच हाय ओ त्यो. हा बघा, एवढा. आता तुमी म्हणाल, फळी टाका उताराला — सुताराला ते सुचायचं ऱ्हाईल का? टाकली की. आत तीन हातांवर चुलीचा ओटा, फळीला लांबी घावत न्हाई, उभीच्या उभी बसती. खुर्ची चढवताना मागं कलली आन कस्तुरा अशी किंचाळली का परत फळीचं नाव न्हाई. उचलून न्यावं तर माझे गुडघे हे असले. शेजारचा सखाराम म्हणला, काका, एक बाजू मी धरतो. धरलं दोघांनी. तर तिनं डोळे मिटून घेतले, परक्या बापयानं काखेत हात घातला म्हणून. आंगणात बसवलं तरी मिटलेलेच. पुन्यांदा इचारलं तर म्हणली, मला न्हाई जायचं बाहेर, मला हौस न्हाई. झाले सात म्हयने.

करवतीनं का न्हाई होत? बघा — उंबऱ्याची दोन्ही टोकं चौकटीच्या उभ्या बाह्यांत बसवल्याली, खाचेत कुसू घालून. करवत चालवायला गेलं का बाहीवर घासती, आन खाली फरशीपतोर तिचं पातं पोचतच न्हाई. हातोडा-पटाशी घेतली तर सगळी चौकट हादरणार, भिंत मातीची, आन ती आत खाटंवर — ठोक्यागणिक दचकणार. ग्राइंडरनं लाकूड कापू नये, मला म्हाईत हाय, तुमी सांगायची गरज न्हाई. हे मशीन मी वलवणला बघितलं, एका बंगल्यात फरशी बदलत होते, तितल्या कारागिरानं पातं चौकटीच्या पायथ्याला आडवं लावलं आन काकडी चिरावी तसं चिरलं, खाली फरशीला वरखडा न्हाई. तवाच मनात आलं, ह्येनं उंबरा निघंल. आषाढ होता. आन मी ते मनातल्या मनात दाबलं. आषाढात दाबलं ताई, आता भादवा सरत आला.

हां, हे दोन काढलेत ना — बारकं कितीचं? बारा व्होल्ट. आन हे जाडं अठरा. धरू का? … बारकं हातात बरं बसतं, म्हाताऱ्या मनगटाला हलकं. पर थांबा, पिशवीत तुकडा आणलाय मी. ऐनाचा हाय. त्याच लाकडाचा, उंबरा केला तवा उरलेला, माळ्यावर पडून होता. चालवू हितं? फळकुटावर दाबून धरतो, तुमी नका धरू, बांगड्या हायेत तुमच्या हातात. … बघा, बारकं रडाया लागलं. दाबलं का थांबतंय. आता जाडं … हां. हे जातंय. पातं जास्त हलतं व्हय ह्येचं, दोन्हीकडं? म्हणून लवकर चरतंय. अरे अरे, धूर आला — मीच चुकलो, येग लय ठेवला. हे चाक फिरवलं का कमी व्हतंय ना? व्हय, आता बरं. जून लाकूड रेटून ऐकत न्हाई. इंचभर आत गेलं का थांबायचं, पटाशीनं हातानंच ढलपी काढायची, परत इंचभर. पातं कंचं देताय? खिळा लागला तरी कापंल असं द्या. खिळा हाय त्यात एक, मीच मारलाय, नाल ठोकली होती तिच्या हौसंनं. चार पाती द्या, ऐन धार खातो. आन बॅटरी किती चालंल? वीस मिनिटं? मग दोन द्या. मधीच बंद पडून चालायचं न्हाई. तिला दुपारची गोळी दिली का दोन तास पडून ऱ्हाती, तेवढ्यात मला समदं काढून, जागा गुळगुळीत घासून, झाडून मोकळं व्हायचंय. घासायची तिकोनी पट्टी ह्यातच येती ना? बरं झालं. आवाज हुईल, मला कळतंय. पर घरघरीनं माणूस निजतंय, ठोक्यानं न्हाई.

एवढा उंच केलाच कशाला? तिनंच सांगितलं म्हणून केला. लेक, रेणुका, पाळण्यात होती, असाच पाऊस, आन सकाळी उठून बघतो तर पाळण्याखाली फुरसं. वेटोळं घालून. कस्तुरानं पोरीला उचलली आन दारात उभी ऱ्हायली, मला म्हणली, गावाची दारं करता, माझ्या दाराला उंबरा कुटं हाय? त्या दिवशी कामावर गेलो न्हाई. ऐनाचा ओंडका होता, दुसऱ्या कुणाच्या तुळईसाठी ठेवल्याला, त्योच घेतला. वीतभर उंच केला, वरनं रंधा असा मारला का हात फिरवला तर कळू नये लाकूड हाय का दगड. परत कवा फुरसं आत आलं न्हाई ओ, डोंगराचं पाणी आलं न्हाई. आन ती रोज सकाळी त्याला पाण्यानं पुसणार, हळदीची दोन बोटं, मग चूल. चाळीस वर्सं. मी नवी कामं करून यायचो बंगल्यांची, पालिश काय, बिजागऱ्या काय — कौतुक न्हाई. आल्या-गेल्या बाईला उंबरा दाखवायची, ह्यांनी केलाय म्हणायची. माझं नाव घ्यायची न्हाई, उंबऱ्यावर हात ठेवायची.

तर ती म्हणली ना, मला बाहेर जायची हौस न्हाई — खरं सांगू ताई? मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. माणसापरास लाकडाची माया केली मी, दुसरं काय? वर सोताला सांगत ऱ्हायलो, तीच पुजते, तीच कशी कापू देईल, तिला किती लागंल. एकदासुदीक इचारलं न्हाई, कस्तुरा, काढू का गं? इचारलं असतं तर व्हय म्हणली असती, ही भीती. आन मंगळवारी दवाखान्यात नेलती, गाडी करून, तवाबी डोळे मिटूनच. डाक्टर लय चांगला माणूस, मला बाजूला घेतलं, म्हणला, बाबा, आता गोळ्या वाढवत न्हाई, घरीच ठेवा, आवडतं ते खाऊ घाला. मी म्हणलं बरं झालं, खायला तर मोकळीक दिली. टमटममधनं घरी येईस्तोवर मला कळलंच न्हाई त्यो काय म्हणला ते. तिला आधीच कळलं असणार. येताना मला म्हणली, अवो, तुमी जेवला न्हाई सकाळधरनं.

हेच द्या, जाडं. मनगटाचं बघंन मी काय ते. खोकं नगं, पिशवीत टाका, चार्जर तेवढा दावा कसा लावायचा — हिरवा दिवा आला का झालं ना? … तिला इचारलं का? न्हाई. आतासुदीक इचारणार न्हाई. उठल तवा दार मोकळं दिसंल, बोलंल मला काय बोलायचं ते. फरशी आन आंगण एकसारखं झालं का मी खुर्ची ढकलीन, कुणी उचलायचं न्हाई, कुणी काखेत हात घालायचा न्हाई. डोळे उघडे ठेवून जाईल ती. शेवग्यापतोर नेईन. तिनं लावलाय, सात म्हयने बघितला न्हाई.

काय म्हणता? आजच का? आषाढात दाबलं, मंगळवारीबी आलो न्हाई, मग आजच का … तुमी बाया बरोबर तेच इचारता. सांगतो. मी कामावर गेलो का शेजारची चिमाबाई येऊन बसती कस्तुरापाशी, तिची जुनी मैतरीण हाय. आज मी लोणावळ्याला एका बंगल्याची खिडकी बसवायला निघालतो, पार रेल्वेच्या फाटकापतोर आलो, तर चिमाबाई मागनं आली, रस्त्यातच थांबवलं मला, आन माझ्या तोंडाकडं न बघता, दुसरीकडं बघत म्हणली —

“हौशीभाऊ, मला शपथ घातलीया तिनं, पर आता मी मोडते. तुमी आंगणाचं फाटक लावलंत का ती रोज खुर्ची रेटत उंबऱ्यापाशी येती, चांगल्या पायानं, भिंत धरून धरून. तास-तास तितंच बसती, बाहेर बघत. तुमची चाहूल लागली का मला म्हणती, चिमे, मला मागं वढ लवकर — त्यांनी बघितलं, तर ते उंबरा काढत्याल.”