सहा बटणं

टँकरपुढे रिकामा कॅन घेऊन उभ्या असलेल्या बुरुलला रांगेतल्या पुढच्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"काकी, तुमचा भाचा संसदेत तोंडच उघडत नाही म्हणे."

"बोलणारे पुष्कळ आहेत, सागिन. तो राबतो. सहा खासदार सभागृहात फिरकतसुद्धा नाहीत, त्यांची मतदानाची बटणं हाच दाबतो."

"आपल्या नळयोजनेच्या ठरावालाही?"

"सहाच्या सहा दाबली. या बाकावरून त्या बाकावर पळून घामाघूम झाला बिचारा."

"मग ठराव एका मताने पडला कसा?"

काकींनी कुरुताचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, आंबट खडा गालात सारला आणि कॅन पुढे सरकवला.

"स्वतःच्या बाकाशी पोचेपर्यंत वेळ संपला रे. पण त्या सहाजणांचं एकही मत वाया जाऊ दिलं नाही त्यानं."