दादाची तीनशे बारा वाक्यं

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही असं कसं केलंत?" अहो, तुम्हाला सांगतो, मी काहीही केलेलं नाही, मी फक्त एका मीटिंगमध्ये हात वर केला! कुठे ठेवायचं, एवढाच तर प्रश्न होता!

आमचं काम काय, तर लोकांनी बनवलेले प्रोग्राम डब्यात भरून तुमच्या कॉम्प्युटरवर धाडायचे. नवा डबा आला की जुना आपोआप जातो, तुम्हाला पत्तासुद्धा लागत नाही. आता माणूस एखादा प्रोग्राम वापरायला लागला की त्यात आपल्या मनासारखं काहीतरी करून घेतोच ना... अक्षर मोठं, आवाज बारीक, कायकाय! ह्या सेटिंग्ज ठेवायच्या कुठे? आमच्या डब्यात, की त्याच्या स्वतःच्या फोल्डरात? आमच्या तपासणीवाल्या बाई कळवळून सांगत होत्या, "अहो, ते त्याचं आहे, त्याच्यापाशी राहू द्या! डबा बदलला की जाईल ना सगळं!" आणि मी, अतिशहाणा, म्हणालो, "लोकांच्या फोल्डरात आपला पसारा नको. सगळं एका जागी. स्वच्छ!" साहेब म्हणाले, "स्वच्छ! आवडलं!" सगळ्यांचे हात वर. झालं!

आता माझा दादा. बस स्टँडवर गाड्या पुकारायचा हो, तीस वर्षं! आवाज असा, की गाडी चुकलेला माणूससुद्धा ऐकत उभा राहायचा. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोकं शाबूत, आणि डाव्या हाताचं एक बोट शाबूत. मीच त्याला आमच्या डब्यातला बोलका प्रोग्राम बसवून दिला. वाक्य लिहायचं, त्याचं बटण करून ठेवायचं, दाबलं की ते बोलतं. त्या एका बोटानं दोन वर्षांत तीनशे बारा वाक्यं! 'खिडकी लाव.' 'डॉक्टरला काही कळत नाही.' 'बातम्या बंद करा, डोकं उठलं.' माझ्यासाठी खास तीन शिव्या. आणि वहिनीसाठी एक, दिवसातून पन्नासदा दाबायचा... 'ऐकतोय गं, पुढे बोल.'

प्रत काढून ठेवली नव्हती का? विचारा, विचारा! वहिनी दोनदा म्हणाली होती, "भावजी, याची एखादी प्रत काढून ठेवता येईल का?" म्हटलं, "वहिनी, मी याच धंद्यात आहे, काळजी कसली करता!"

मंगळवारी त्या बोलक्या प्रोग्रामचा नवा डबा धाडला, दोन वर्षांतला पहिलाच. बुधवारी सकाळी वहिनीचा फोन. "भावजी, हे काहीतरी वेगळंच बोलताहेत." धावत गेलो. दादा खुर्चीत. मला पाहिलं, बोट उचललं, दाबलं. आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार! माझे नाव नवीन वापरकर्ता आहे!"

बाकी बटणं तीन. 'मला तहान लागली आहे', 'मला झोप आली आहे' आणि 'धन्यवाद'. शिव्यासुद्धा नाहीत हो! माणसाला रागवायचंय, तो बिचारा शोधशोध शोधतोय, आणि शेवटी माझ्याकडे बघून त्यानं... 'धन्यवाद' दाबलं! हसू नका. म्हणजे हसा, वहिनीसुद्धा हसली. मग स्वयंपाकघरात गेली, ती कितीतरी वेळ बाहेरच आली नाही. कुठे ठेवायचं, एवढाच तर प्रश्न होता!

ऑफिसात सांगितलं. साहेब म्हणाले, "वाईट झालं. पुढच्या खेपेपासून त्यांच्या फोल्डरात ठेवू." पुढच्या खेपेपासून! तपासणीवाल्या बाईंनी मान खाली घालून वहीत नोंद केली. मला वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादा पुन्हा लिहायला बसला. 'ऐकतोय गं' पहिलं. मग खिडकी. चाळीस झाली, आणि थांबला. म्हटलं, "दादा, बाकीची?" त्यानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, "कोणाशी बोलू?"

खरंच होतं हो ते! सुरुवातीला माणसं यायची. मित्र, शेजारी, स्टँडवरचे ड्रायव्हर. त्यांच्यासाठीची वाक्यं होती ती. माणसं केव्हाच यायची थांबली होती, वाक्यं तेवढी उरली होती, आणि तीही मी... कुठे ठेवायचं, एवढाच...

तेव्हापासून रोज ऑफिस सुटलं की तिकडे जातो. मुद्दाम काहीबाही विचारत बसतो, त्याला उत्तर द्यावंसं वाटावं म्हणून. तीन आठवडे झाले, चाळीसच! काल मात्र बोट हललं. वीस मिनिटं लिहीत होता. एक्केचाळिसावं वाक्य! दाबलं.

"आता तू घरी जा."

निघालो. काय करणार? पण चपला घालताना पाहिलं, त्यानं ते बटण पुसलं नाही, ठेवून दिलंय... म्हणजे उद्याही लागणार!